खिरीला बासमतीच कशाला?

मा. संपादक,
सस्नेह जयभीम.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत तांदळाच्या खिरीची पाककृती आली होती. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'खिरीसाठी बासमतीच घ्यावा.' दुसऱ्या ओळीत कन्डेन्स्ड मिल्कचा डबा होता. लिहिणाऱ्या ताईंवर माझा राग नाही. त्यांच्या घरी जशी होते तशी त्यांनी सांगितली. पण बासमतीला चिकटलेला तो 'च' काही माझ्या मनातून जाईना, म्हणून आज सकाळची कामं आटोपून हे पत्र लिहायला बसले.

मी नागभीड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होते. आता घरची साडेतीन एकर बांधी, म्हणजे धानाचं शेत, दोन म्हशी आणि विहारातलं काम, यात दिवस जातो. आमची सून वर्ध्याकडची, कापसाच्या मुलखातली. गुणी पोरगी आहे. तिनं तुमची पुरवणी वाचली आणि तालुक्याच्या बाजारातून बासमतीची किलोभराची पिशवी घेऊन आली. ज्या घरात अर्धी खोली धानाच्या पोत्यांनी भरलेली, त्या घरात विकतचा तांदूळ आला. मी तिला काही बोलले नाही. पेपरात छापून आलं म्हणजे ते खरंच असणार, असं तिला वाटलं. कोणालाही वाटेल.

मी म्हटलं, चल, दोन्ही करून पाहू. चुलीवर दोन गंज, म्हणजे पातेली, ठेवले. दूध एकाच म्हशीचं, सकाळचं, प्रत्येकी एक लिटर. एका गंजात तिचा बासमती, दुसऱ्यात आमच्याकडच्या चिन्नोर या वासाच्या तांदळाची कनकी, म्हणजे तुटका दाणा, दोन्ही मोजून अर्धी वाटी. जाळ सारखा राहावा म्हणून मी लाकडं हातानं मागं-पुढं करत होते आणि ती दोन्हीकडे आळीपाळीनं ढवळत होती. अर्ध्या तासानं कनकीच्या गंजात दुधाचा रंग बदलायला लागला. पांढऱ्याचा सायीसारखा पिवळसर झाला, बुडबुडे मोठे आणि आळशी झाले, एकेक फुटायला वेळ घ्यायला लागला. बासमतीच्या गंजात दूध उकळत होतं, दाणे लांब होऊन सुंदर दिसत होते, पण दूध दुधासारखंच होतं. तासाभरानं दोन्ही उतरवले. सुनेनं बासमतीची खीर पळीनं उचलून वाटीत ओतली, तर आधी दूध पडलं आणि मागून दाणे पडले. कनकीची ओतली तर दोन्ही एकदमच पडलं, दूध कुठं संपलं आणि तांदूळ कुठं सुरू झाला ते कळत नव्हतं. तिनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, 'आई, ही दुसरी खीर आहे. पहिली म्हणजे दूधभात.'

यात बासमतीचा दोष नाही. त्याचा गुणच तो आहे, दाणा दाण्याला चिकटू नये हा. पुलावाला, बिर्याणीला म्हणूनच तो चालतो. खिरीला नेमकं उलट हवं असतं. तांदळानं आपल्यातलं पिठूळपण दुधात सोडावं आणि दुधाला दाट करावं, हे त्याचं काम. आमच्याकडच्या बारीक, आखूड दाण्याच्या तांदळात ते पिठूळपण भरपूर. त्यातही दाणा तुटलेला असला की ते लवकर बाहेर येतं, म्हणून कनकी. जुना तांदूळ भाताला चांगला, मोकळा होतो. खिरीला मात्र त्याच साली निघालेला नवा घ्यावा. आणि उकडा तांदूळ कधीच घेऊ नये. आमच्या भागातल्या राईस मिलमध्ये उकडा पुष्कळ निघतो. तो एकदा धानातच उकडून वाळवलेला असतो, दाणा कडक होऊन बसतो, दुधात दोन तास ठेवला तरी विरघळत नाही.

कनकी म्हणजे मिलमध्ये धान भरडताना जे दाणे तुटतात ते. बाजारात तिला किंमत नाही. कोंबड्यांना टाकतात, दळून भाकरी करतात, आजाऱ्याला पेज करून देतात. आम्ही मिलवाल्याला सांगून चिन्नोरची कनकी वेगळी ठेवून घेतो. हातात घेऊन तळव्यावर चोळली की वास येतो. त्या वासाला काय म्हणावं मला माहीत नाही. पावसाळ्यात लोंब निसवल्यावर सकाळी बांधीच्या धुऱ्यावरून चालताना जो येतो, तोच. घरात चिन्नोर शिजत असला की शेजारीण कुंपणापलीकडून विचारते, आज काय आहे म्हणून.

माझ्या सासूनं मला खीर शिकवली. तिला आम्ही माय म्हणायचो. तिला घड्याळ कळत नव्हतं, मापं मात्र पक्की होती. लिटरभर दुधाला अर्धी वाटी कनकी, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम, त्याहून जास्त नाही. नवख्या बायका इथंच चुकतात. कच्ची कनकी कमी दिसते म्हणून आणखी एक मूठ टाकतात आणि शेवटी खिरीचा घट्ट गोळा होतो. कनकी धुऊन माय फडक्यावर पसरायची, पाणी सुकलं की बोटभर तूप चोळायची, म्हणजे दुधात गुठळी होत नाही. दुधाला चांगली उकळी आल्यावरच ती घालायची. मग जाळ कमी. गंजाच्या काठाला साय धरते, ती सराट्यानं, म्हणजे उलथन्यानं, खरवडून परत आत सोडायची, दर चार-पाच मिनिटांनी. ही साय काढून बाजूला ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. दाटपणाचा निम्मा भाग त्या बाहेर काढून टाकतात. ढवळताना सराटा बुडाला घासून गेला पाहिजे. माय म्हणायची, 'दूध उतू गेलं त पुसता येते, बुडाला लागलं त काईच करता येत नाई.' आणि ते खरं आहे. लागलेल्या दुधाचा वास वेलचीनं जात नाही, जायफळानं जात नाही.

साखर सगळ्यात शेवटी, दाणा बोटांत पूर्ण चिरडला गेल्यावर. ही गोष्ट मला तुमच्या पाककृतीबद्दल मुद्दाम सांगायची आहे. कन्डेन्स्ड मिल्कमध्ये साखर आधीच भरपूर मिसळलेली असते. तो डबा सुरुवातीला ओतला की साखर पाणी धरून ठेवते आणि तांदूळ शिजायला मागत नाही, मधे कणी राहते. शहरात नोकरी करणाऱ्या बाईला दीड तास गॅसजवळ उभं राहायला वेळ नसतो, हे मला कळतं. तिनं डबा जरूर वापरावा, पण तांदूळ आधी साध्या दुधात मऊ शिजवून घ्यावा आणि मग ओतावा. एवढी एक ओळ त्या पाककृतीत हवी होती. गुळाची खीर करायची असेल तर गंज खाली उतरवून, वाफ कमी झाल्यावर गूळ घालावा. उकळत्या दुधात घातला तर दूध फाटतं, गुळात थोडा आंबटपणा असतो. लिटरमागे शंभर ग्रॅम साखर पुरते. आमच्या घरी त्याहून कमीच घालतो.

वरून काय घालायचं? तुमच्या पाककृतीत बदाम, पिस्ते, केशर होतं. आमच्या जंगलात चारोळी आहे. तिच्या झाडाला आम्ही चार म्हणतो. चाराची फळं उन्हाळ्यात पिकतात, काळी-जांभळी, करवंदाएवढी. पोरं गर खाऊन बिया अंगणात टाकतात. त्या वाळवून पाट्यावर हलक्या हातानं फोडायच्या. जोर जास्त झाला की आतला दाणा चेचतो. एक वाटी चारोळी काढायला एका बाईची आख्खी दुपार जाते. आता ही फळं वेचायला एकटीदुकटी कोणी जात नाही, वाघाची भीती आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या ब्रह्मपुरी-नागभीडच्या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यात जी माणसं गेली, त्यात मोहफूल वेचायला, सरपण आणायला गेलेली होती. बायका दहा-बाराच्या गटानं, बोलत, आवाज करत जातात. म्हणून माझ्या खिरीवर जे चार दाणे दिसतात, ते मी मोजून टाकते.

आता मुख्य गोष्ट. खीर आमच्यासाठी जेवणाच्या शेवटी खायचं गोडधोड नाही. वैशाख पौर्णिमेला विदर्भातल्या विहाराविहारांत खीर होते. निरंजना नदीच्या काठी उरुवेलेत सिद्धार्थ गौतमानं इतकी वर्षं उपास केले की शरीराचा सांगाडा राहिला होता. तेव्हा सुजातेनं त्याला खीर दिली. ती खाऊन अंगात बळ आलं, तो पिंपळाखाली बसला आणि त्याला बोधी प्राप्त झाली. पाली कथेत सांगतात की सुजातेनं हजार गाईंचं दूध पाचशे गाईंना पाजलं, त्यांचं अडीचशेंना, असं करत करत शेवटी आठ गाई राहिल्या, आणि त्यांच्या दाट दुधाची ती खीर होती. आणि गौतमानं तिचे एकोणपन्नास घास करून खाल्ले. मी ही कथा अंगणवाडीतल्या पोरांना सांगायचे तेव्हा पोरं एकोणपन्नासपर्यंत मोजायची. दूध आटवून दाट करण्यावर त्या कथेत इतका जीव टाकला आहे, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. एका बाईनं आपल्या हातानं, आपल्या घरच्या दुधाची, आपल्या गावच्या तांदळाची केलेली खीर. आमच्या वस्तीत प्रत्येक गल्लीत एक तरी सुजाता सापडते. १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी १४ तारखेला नागपूरला आणि १६ तारखेला चंद्रपूरला दीक्षा दिली. माझे सासरे चंद्रपूरला गेले होते. तेव्हापासून आमच्या घरी मुलींची ही नावं सुरू झाली.

विहारात चाळीस लिटर दुधाची खीर होते. त्याला अडीच-पावणेतीन किलो कनकी, चार किलो साखर. दोन मोठे गंज, दोन चुली. वर्गणीत कोणी दूध देतं, कोणी लाकडं, कोणी नुसता हात देतं. साडेतीनशे माणसांना वाटीवाटी पुरते. मे महिना, आमच्याकडचं ऊन, आणि त्यात चुलीपुढं अडीच तास. बायका आळीपाळीनं ढवळतात, पदर ओला करून डोक्यावर घेतात. पुरुषही ढवळतात आता, पूर्वी नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडून एक चूक झाली, ती सांगते, म्हणजे दुसऱ्या गावात होणार नाही. सकाळचं दूध कमी पडेल म्हणून आदल्या संध्याकाळचं पंधरा लिटर दूध गोळा केलं आणि न तापवता कॅनमध्ये झाकून ठेवलं. रात्रभर उकाडा. सकाळी कॅन उघडलं तेव्हा वासात थोडा फरक होता. मला तो आला होता आणि मी गप्प बसले, कारण सगळी घाई चालली होती. एका गंजात सकाळचं दूध उकळत होतं, त्यात ते ओतलं. मिनिटभर काही झालं नाही. मग सराट्यामागं दुधावर बारीक बारीक ठिपके दिसायला लागले, रव्यासारखे. पाहता पाहता ते एकमेकांना चिकटले आणि त्यांच्यामधून हिरवट पाणी वर आलं. ढवळणारी पोरगी माझ्याकडे पाहत होती. वीस-बावीस लिटर दूध गेलं. त्यात अशा घरांचंही दूध होतं जे स्वतः चहा काळा पितात. त्या दिवशी खीर अर्धी-अर्धी वाटी वाटली. बाहेर बाया-पोरं ताटं-वाट्या घेऊन उभी होती, मी त्यांच्यासमोर जाऊ शकले नाही. तेव्हापासून संध्याकाळचं दूध त्याच रात्री दोनदा उकळून घेतो, आणि सकाळी प्रत्येक कॅनमधलं पळीभर दूध वेगळ्या वाटीत उकळून पाहतो. फाटणारं दूध वाटीतच फाटतं. उशीर झाला तरी चालतो, पण हे केल्याशिवाय ओतत नाही.

मग तुम्ही म्हणाल, चिन्नोर एवढा चांगला आहे तर तो दुकानात का दिसत नाही? कारण तो लावणारे कमी झाले. चिन्नोर भारी धान, म्हणजे उशिरा निघणारं, आणि त्याचं रोप उंच होतं. शेवटच्या पावसात वारा आला की आडवा पडतो आणि पाण्यात लोंबी सडते. पीक कमी येतं. सरकारच्या आधारभूत किमतीत धानाचे दोनच वर्ग आहेत, साधारण आणि अ दर्जा. २०२५-२६ साठी क्विंटलला २३६९ आणि २३८९ रुपये. दोघांत फरक वीस रुपयांचा. वासाला तिथं रकानाच नाही. मग ज्याला कर्ज फेडायचं आहे तो भरपूर पिकणारं धान लावतो, आणि बरोबरच करतो. आम्हीही साडेतीन एकरांत अर्धा एकरच चिन्नोर लावतो, घरापुरता आणि विहारापुरता. आमचे हे दरवर्षी पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकताना म्हणतात, यंदा राहू दे. मी नाही म्हणते.

आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे होते. तिसरीपर्यंत शिकलेले, थोडीशी जमीन. १९८३ मध्ये त्यांना आपल्या बांधीत दोन-तीन वेगळ्या लोंबी दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढून वर्षानुवर्षं पेरल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ निघाला. तेव्हा चलतीत असलेल्या एचएमटी घड्याळावरून नाव पडलं. आज तो तांदूळ महाराष्ट्राबाहेरही खातात. त्यांनी आणखी कितीतरी वाणं निवडून काढली, त्यात एक नांदेड चिन्नोर होतं. ३ जून २०१८ ला ते गेले. एका माणसानं लोंबीकडे इतकं निरखून पाहिलं म्हणून लाखो घरांच्या ताटात तो भात आला. अशा मुलखात राहून खिरीसाठी दुकानातून बासमती आणायचा, हे मला सोसत नाही. एचएमटीचीही खीर चांगली होते, वास चिन्नोरचा नसतो एवढंच. कनकी मात्र त्याचीही घ्यावी.

मला कोणाच्या तांदळाला नावं ठेवायची नाहीत. कोकणात वेगळा तांदूळ असेल, मावळात आंबेमोहर आहे, त्यांची खीर त्यांच्या तांदळाची व्हावी. माझी विनंती एवढीच की पाककृतीत 'तुमच्या भागातला आखूड दाण्याचा, वासाचा, नवा तांदूळ घ्या, तुटका असला तरी चालेल' असं लिहावं. पेपर गावोगाव जातो. आमच्या सुनेसारख्या पोरी तो वाचून बाजारात जातात. त्यांनी गावच्या मिलवाल्याकडे चिन्नोरची कनकी मागितली तर तो ती वेगळी ठेवील, आणि दोन पैसे मिळतात असं दिसलं तर पुढच्या रोवणीला कोणी तरी आणखी अर्धा एकर लावील. दर हंगामात कोणाकडे कोणतं वाण आहे, कुठं मिळतं, एवढं चार ओळींत तुमच्या तालुक्याच्या बातमीदारानं विचारून छापलं तरी पुष्कळ होईल. आमच्याकडे सिंदेवाहीला धानाचं संशोधन केंद्र आहे, तिथंही विचारता येईल.

सुनेनं आणलेल्या बासमतीचा आम्ही नंतर पुलाव केला, घरच्या वाटाण्याचा. चांगला झाला. उरलेली पिशवी तिनं डब्यात ठेवली आहे, आणि त्याच्या शेजारी कनकीचा डबा. त्यावर तिनं तिच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे, 'खीर'.

पुढच्या रविवारी जागा असेल तर त्या पाककृतीची दुरुस्ती छापावी. बासमती राहू द्या, फक्त त्याचा 'च' काढा.

आपली,
एक वाचक
ता. नागभीड, जि. चंद्रपूर